बाबांच्या तोंडी माझा प्रत्यय

भूत, करणी, बाहेरचं... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. आमचं घर बौद्ध, बाबा शिक्षक होते. आमच्या दारावर कधी लिंबू-मिरची टांगलेली मला आठवत नाही. तरी हे लिहितेय, कारण मला राग आलाय आणि तो जात नाहीये.

मलकापूरला स्टेशनपासून जवळच आमचं घर. बाबा, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझा छंद जरा विचित्र आहे - मी भाषा बनवते. खोटी, माझी स्वतःची. शब्द, व्याकरण, सगळं. असं करणारे जगभर आहेत, आमचा ऑनलाइन ग्रुप आहे. तिथं एखादा छोटा उतारा देतात. प्रत्येकानं तो आपापल्या भाषेत करायचा आणि खाली व्याकरणाच्या टिपा लिहायच्या. घरात याला 'खूळ' म्हणतात. माझ्या भाषेतला एक शब्दही घरात कुणाला येत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. वाचा गेली. काहीही विचारा, फक्त "हाव" म्हणायचे, म्हणजे हो. ते अकोल्याला दवाखान्यात असतानाच इकडे आई गेली. हार्ट अटॅक. भावानं ठरवलं की बाबांना सांगायचं नाही. बाबा घरी आले तेव्हा 'आई मेहकरला ताईकडे गेलीय' असं सांगितलं गेलं. मी खूप भांडले. तो म्हणाला, "धक्का बसून बाबाले काही झालं त जबाबदारी तू घेशील काय?" डॉक्टरही थोडं थांबा म्हणाले. सगळे एका बाजूला, मी एकटी; शेवटी मीही ऐकलं. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा बाबांना कळू नये म्हणून वरवट बकालला काकांकडे उरकला. बायको त्यांची गेली, आणि तिथं तेच नव्हते.

एका रविवारी दुपारी मी बाबांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. ग्रुपवरचा उतारा साधा होता - विहिरीवर आलेली बाई म्हणते, पाणी नाही. आपल्या मराठीत एकच 'नाही'. माझ्या भाषेत मला दोन हवे होते. 'तुस' हा प्रत्यय आधीपासून होता: सध्या नाही, पण परत येईल. दुसरा मी तिथं बसूनच बनवला - 'इर्दा'. म्हणजे होतं, गेलं, परत येणार नाही. खाली टीप लिहिली की 'माझं-तुझं' सांगणारा शब्द असेल तर प्रत्यय त्या शब्दाला लागतो, नामाला नाही. हे सगळं फक्त टाइप केलं. 'इर्दा' मी तोंडानं एकदाही उच्चारला नव्हता. कुणाला पाठवलाही नव्हता. बाबा खाटेवर होते, तिथून त्यांना स्क्रीन दिसत नव्हता.

तेवढ्यात भाऊ गोळ्या घेऊन आला. नेहमीसारखं म्हणाला, "आई येऊन राह्यली बाबा. या हप्त्यात येईन."

बाबा "हाव" म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, अगदी स्वच्छ म्हणाले, "कोमे ना-इर्दा."

'कोमे' म्हणजे जोडीदार. 'ना' म्हणजे माझी. माझी जोडीदार होती, गेली, परत येणार नाही. प्रत्ययसुद्धा 'ना'ला लावलेला - जिथं लागायला हवा तिथंच!

भावानं विचारलं, काय म्हणून राह्यले? मी अर्थ सांगितला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "तूनंच पढवलं त्याइले," तो म्हणाला. "आजारी माणसाले वापरलं तू."

मग मी त्याची पर्वाच केली नाही. बाबांजवळ बसले आणि आपल्या मराठीत सगळं सांगितलं - आई कशी गेली, शेवटी कोण जवळ होतं, अग्नी कुणी दिला. बाबा खूप रडले. माझा हात सोडत नव्हते. पण ज्या धक्क्याची सगळ्यांना भीती होती तसं काहीच झालं नाही. संध्याकाळी पोटभर जेवले.

वहिनी दुसऱ्याच दिवशी कुठून तरी एका जाणत्याला घेऊन आली, म्हणे बाबांना 'बाहेरचं लागलंय'. ज्या माणसानं आयुष्यभर घरात गंडेदोरे शिरू दिले नाहीत, त्याच्या हाताला दोरा बांधणार! मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवला. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. अशा पेशंटचं अर्थहीन पुटपुटणं असतं, म्हणाले, ऐकणारा अर्थ लावतो. ग्रुपवर लिहिलं तर लोकांनी रेकॉर्डिंग मागितलं. त्या वेळी रेकॉर्डिंग सुचेल का कुणाला?

बाबा आता थोडं बोलतात. पाणी, बस, भावाचं नाव. त्या भाषेत मात्र पुन्हा काही बोलले नाहीत. मी माझी बाकीची वाक्यं वाचून दाखवली, तर माझंच डोकं फिरलंय अशा नजरेनं बघत राहिले. त्या दुपारबद्दल विचारलं की मान हलवतात... आठवत नाही.

भाऊ माझ्याशी अजून धड बोलत नाही. बाबांना तो प्रत्यय कुठून मिळाला, मला माहीत नाही. टेलिपथी म्हणा, योगायोग म्हणा, मला काहीच पटत नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. जन्मभर वऱ्हाडीत बोललेल्या माणसाला, आपली बायको गेली एवढं सांगायला, घरात कुणालाच न येणारी भाषा धरावी लागली. कारण येत होती त्या भाषेत आम्ही सगळे त्यांच्याशी खोटं बोलत होतो.