मामाच्या गाडीचा मोकळा श्वास

मामा गेला, आणि त्याच्या दहाव्याला मामाची गाडीही गेली. पहिल्या मरणाशी माझा काही संबंध नव्हता.

ती टर्बो डिझेल जीप मामाने मुरबाड ते टोकावडे चौदा वर्षं चालवली. आत माणसं कोंबून, टपावर भाजीच्या पाट्या लादून. हात थरथरायला लागले तेव्हा त्याने चावी माझ्याकडे दिली. मी राहायला शहापूरला आणि कामाला मुरबाडच्या एका कंपनीत, म्हणजे गाडीला रोजची धाव मिळणार होती. चावी देताना मामा एवढंच म्हणाला, "दिन्या, तिला नवीन काय करू नको रे. आवाज ऐकत जा. काय दुखत आसंल तर ती सांगते."

गाडी सांगत होतीच. चढावर दमायची, काळा धूर ओकायची. मी मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले (इंजिनिअर व्हायला आणखी किती लागतात!) आणि निदान केलं: हवा कमी पडतेय. टर्बो म्हणजे तरी काय? बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. मग हवेची आत यायची वाट रुंद करा, धुराची बाहेर जायची वाट मोकळी करा, गाडी पळालीच पाहिजे! बॉनेटखालचा फिल्टरचा डबा मी उपटून टाकला. थंड हवा मिळावी म्हणून जाडजूड पाइप जोडून नवा फिल्टर थेट पुढच्या बंपरखाली नेला. सायलेन्सर काढून त्या जागी सरळ नळी बसवली.

गाडी पळाली असं निदान मला तरी वाटलं. आवाज मात्र असा सुटला की आमच्या आळीतल्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत.

मामा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. मी मोठ्या हौसेने गाडी अंगणात नेऊन रेस केली. त्याने पडल्या पडल्या कान दिला. मग छताकडे बघत म्हणाला, "आता ती निसती बोंबलते रे. सांगत काय नाय."

आठवड्याभरात तो गेला.

दहाव्याला सकाळीच निघालो. श्रावणाची झड लागलेली. पुढे मी आणि भटजी. मागे मामी, मामाचा मुलगा प्रकाशदादा, केस काढणारे सदूभाऊ आणि पिंडांचं सामान. नदीकाठच्या देवळापाशी विधी व्हायचा होता. कुणी बोलत नव्हतं. बोललं असतं तरी त्या नळीमुळे ऐकू आलं नसतं.

वाटेत ओढ्यावर बुटकी मोरी आहे. तिच्यावरून गुडघाभर पाणी चाललं होतं.

"थांब जरा. तासाभरात उतरंल," प्रकाशदादा म्हणाला.

"दादा, मामाने याच पाण्यातनं किती येळा गाडी काढलीय!"

"त्यानं काढली. तू दिन्या हायस."

भटजींनी घड्याळ पाहिलं. मला तेवढं पुरलं. मी पहिला गिअर टाकला.

(मामाचा फिल्टर बॉनेटखाली, कमरेच्याही वर होता. मी तो गुडघ्याच्या खाली आणून ठेवला होता. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती बरोबर मोरीच्या मधोमध.)

जो रुंद रस्ता मी हवेला करून दिला होता, त्याने ओढा आत आला. गुडगुड झालं, आत कुणीतरी घण घातल्यासारखा एकच ठोका पडला, आणि गाडी गप्प झाली.

"काय झाला रे?" मामीने विचारलं.

"पाणी प्यायली, मामी."

"मंग दम खाऊ दे तिला."

"आता ती काय उठत नाय, मामी."

सगळे पाण्यात उतरले. भटजींनी पिंडांचं ताट डोक्यावर धरलं, सदूभाऊंनी वस्तऱ्याची पेटी छातीशी धरली, आणि उरलेल्या तिघांनी, त्यात मामी लुगडं खोचून, गाडी ढकलत पैलतीराला लावली. ओला हात बॉनेटवर ठेवून मामी तशीच उभी राहिली. मला वाटलं, शिव्या घालील तर बरं.

भटजी म्हणाले, "देऊळ चालत गाठायचं म्हणजे वेळ टळेल. वाहतं पाणी इथेही आहे. बसा इथंच."

मामाचा दहावा असा त्याच्या मेलेल्या गाडीच्या आडोशाला झाला. कावळा मात्र लगेच शिवला. मामालाही तिथं जास्त थांबवत नसावं.

प्रकाशदादाचे केस उतरले. सदूभाऊ वस्तरा पुसायला लागले, तशी मामी म्हणाली, "याचेबी काढ."

"वैनी, मामासाठी भाच्याला नसतं."

"मामाचं नाय गो बाय! गाडी कोनी मारली? तिचं सुतक कोन धरनार?"

सदूभाऊंना "गो बाय" म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मामी हसली. हसता हसता रडायला लागली. मी गपचूप जाऊन दगडावर बसलो आणि मान खाली घातली. वस्तरा थंड होता. माझे डोळे वाहतायत हे पावसामुळे कुणाला कळलं नाही.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. आतला रॉड केळ्यासारखा वाकलेला. मग त्याने टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. खालच्या बाजूला बोटभर चीर. "सगळी हवा हितनं गळत होती. म्हनून दमायची. एवढा पाइप बदलला आसता तर झालं आसतं."

दुसऱ्या दिवशी टोपी घालून कंपनीत गेलो. साहेबांनी टोपीखालचं डोकं बघून आवाज खाली आणला.

"कोण गेलं रे?"

"मामा गेला, साहेब."

"मामासाठी केस काढतात तुमच्यात?"

"नाय साहेब. मामाचा खून नाय केला मी."