चव बघायला उपाशी या

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. लवंगेचं तेल, कॉफी, शेवटी हिंग. प्रत्येक वेळी मी म्हणाले, "पाणी." हिंगालाही पाणीच म्हणाले, तेव्हा त्यांनी बूच लावलं.

"तुमची जीभ ठणठणीत आहे, बाई. नाक गेलंय. याला अ‍ॅनॉस्मिया म्हणतात."

डोक्याला जबर मार बसला की वास नेणारे बारीक तंतू तुटतात. मग गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळतं. मेथी आणि शेपू यांतला फरक कळत नाही. हे मला कोणी सांगायला नको होतं. नगरच्या याच हॉस्पिटलात मी आठ वर्षं आहारतज्ज्ञ होते आणि आता चव व पोषण या विषयावर पीएच.डी. करत होते. स्वतःलाच चव कळत नसेल तर त्या प्रबंधाचं काय लोणचं घालायचं?

मार बसला तो शेवगावकडे, पाझर तलावाच्या कामावर. बाहत्तरचा दुष्काळ होता. खडी फोडणाऱ्या बायकांच्या जिभेवर मी मिठाचे, साखरेचे, लिंबाचे आणि हिवतापावरच्या कडू कोयनेलचे पातळ थेंब टाकत होते. कुठली चव किती लवकर कळते ते टिपत होते. पोट भरलेलं असलं की जीभ मंदावते, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, सकाळी काही न खाता या. येणारीला पावशेर गूळ मिळणार होता.

हिरा नावाची पोर कोयनेलचा कडू थेंब तोंडात पडताच कोसळली. तिची आई कौसाबाई हातातलं घमेलं घेऊन धावली. "माझ्या लेकीला इख घातलं गं हिनं!" पहिला घाव कानामागे बसला, दुसरा टाळूवर. मी खडीवर पडले तरी ती लाथा घालतच होती, बरगडीत, पाठीत, पोटात. चौघींनी तिला ओढलं तेव्हा माझ्या केसांचा झुपका तिच्या मुठीत होता. गूळपाणी पाजल्यावर हिरा उठून बसली, हे मला फार उशिरा कळलं.

दीड दिवसानं शुद्ध आली. मग उलट्या, भोवळ आणि संताप. आजारपणात माणूस मऊ होतो म्हणे. मी नाही झाले. कौसाबाईला तुरुंगात धाडायचं, एवढंच डोक्यात होतं. जेवण म्हणजे ओला कापूस चावणं. चौथ्या दिवशी मी खिचडीचं ताट भिरकावलं. ते वॉर्डातल्या आयाबाईंच्या कपाळाला लागलं, रक्त आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं.

"ह्यो जेवनाचा तक्ता तुमीच बांधून दिल्याला हाय, बाई. पेशंट जेवला न्हाई की तुमी कागदावर 'हट्टी' लिवायच्या. आता तुमचं काय लिवू?"

मी तोंड फिरवलं. माफी मागायला मला आठवडा लागला.

दहाव्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. मी म्हटलं, आधी कौसाबाईचा वाचा. त्यांनी जसा लिहून घेतला होता तसा वाचला.

"लेक आदल्या दिसापास्नं उपाशी हुती. सकाळी तिच्या हातात अर्धी भाकर हुती. बाईनं खाऊन येऊ नगा म्हनलं हुतं, म्हनून म्याच ती हिसकून घेतली. गुळापायी."

मी ओरडले, पांघरूण फेकलं, त्यांना चालते व्हा म्हणाले. ते दारातच उभे राहिले. रडणं थांबल्यावर मी जबाब दिला. मारलं तिनं. उपाशी बोलावलं मी. दोन्ही लिहा.

ज्यांचं नाक असं गेलं असेल त्यांना सांगते. डॉक्टर वर्षभर वाट पाहायला सांगतात. मी पाहिली; वास परत आला नाही. भूक लागण्याची वाट पाहू नका, घड्याळ बघून जेवा. भाजलेलं, कुरकुरीत, गरम खा. ते दातांना तरी कळतं. दूध नासलंय का, हे शेजारणीला विचारा, लाजू नका. राग येईलच, पण तो ताट आणून देणारीवर काढू नका.

कौसाबाईला मी माफ केलंय असं म्हणणार नाही. थंडीत कानामागे अजून ठणका लागतो. आयाबाईंचे उपकार मात्र फिटणार नाहीत. कपाळाला पट्टी बांधून त्या रोज समोर बसल्या आणि मला जेवू घातलं.

बरी झाल्यावर मार्गदर्शकांना मी चाचणीची नवी पद्धत दाखवली. आधी प्रत्येकीला पोटभर जेवण, थेंब त्यानंतर दोन तासांनी. ते म्हणाले, "मग तुमचे निष्कर्ष पुस्तकांशी जुळणार नाहीत."

"नाही जुळले तर नाही जुळले," मी म्हणाले. "उपाशी माणसाच्या जिभेला मी यापुढे हात लावणार नाही."