मामा आधी डिक्की उघडतात

आमच्या मामांना गाडी चालवता येत नाही. आजही येत नाही. एकदा तरुणपणी कुणाच्या तरी जीपचं स्टिअरिंग त्यांच्या हाती दिलं होतं, ती थेट उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात घुसली, असं मामी सांगतात. मामा म्हणतात, गुऱ्हाळ नव्हतं, नुसती रसवंती होती. ते काही असो, त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि तरीही खामगावात जुनी गाडी घ्यायची असली की अर्धं गाव आधी मामांना विचारतं. पाठीमागे त्यांना ‘डिक्कीमामा’ म्हणतात, हल्ली तोंडावरही म्हणतात. मामांना त्याचं काही वाटत नाही.

हे माझ्या आईचे चुलतभाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मधली भिंत कमरेएवढी. मामामामींना मूलबाळ नाही आणि मी आईची एकुलती एक, त्यामुळे दोन घरांत मिळून मी एकटीच मुलगी. शाळेतून आले की ज्या घरातून फोडणीचा वास चांगला येई त्या घरात जेवायला बसायची. मामांनी मला कधी ‘अभ्यास कर’ म्हटलं नाही. पण नर्सिंगचा फॉर्म भरायला अकोल्याला जायचं ठरलं तेव्हा तेच पहाटे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी दारात उभे होते.

मामांची उभी हयात जिनिंगमध्ये गेली. शेतकऱ्याची गाडी कापूस घेऊन फाटकातून आत आली की प्रत ठरवायचं काम त्यांचं. दुसरे ग्रेडर वरचा कापूस चिमटीत धरून बघायचे. मामा बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे आणि तळातला मूठभर काढायचे. ओला आहे का, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस किती, पाल्याचा चुरा किती, सगळं त्या मुठीत कळायचं. “वरचा कापूस सगळ्याईचाच पांढरा असते,” असं ते म्हणायचे. ही एकच विद्या त्यांच्याकडे होती. निवृत्त झाल्यावर खुपसायला कापूस उरला नाही, म्हणून मामा गाड्यांकडे वळले असावेत.

जुनी गाडी बघायला गेलं की लोक आधी बॉनेट उघडतात, इंजिनकडे पाहून गंभीर चेहरा करतात. मामा सरळ मागे जातात आणि डिक्की उघडतात. त्यांचं म्हणणं, बॉनेट विकणारा धुऊन ठेवतो, डिक्की कुणी धूत नाही. मग मॅट उचलायची, स्टेपनी बाहेर काढायची आणि खालच्या खड्ड्यात हात घालायचा. तिथे त्यांना काय काय सापडलं याची यादी ते रंगून सांगतात. ‘फक्त घर ते ऑफिस’ चाललेल्या गाडीत हरभऱ्याचं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा. ‘मॅडमच्या’ गाडीत बोकडाच्या लेंड्या. आणि विकणारा ‘डॉक्टरची गाडी’ म्हणाला की मामा हसायलाच लागतात. “आपल्या बुलडाणा जिल्ह्यात डॉक्टर कमी अन् डॉक्टरच्या गाड्या जास्त,” हे त्यांचं आवडतं वाक्य. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते दोनदा सांगतात.

गाडी वाईट असली तरी मालकासमोर तसं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यासाठी त्यांची एक खूण होती. गाडी पसंत पडली की ते मालकाच्या घरी चहा मागायचे. नापसंत असली की नुसतं पाणी मागायचे आणि ते पिऊन उठायचे. घेणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. मालकाला वाटायचं, सज्जन माणूस आहे, चहाचाही त्रास नको म्हणतो.

एकदा मात्र हा नेम मोडला. सोनाळ्याला एका गृहस्थांची गाडी बघायला गेलो होतो. कॉलेजात होते मी, सुट्टी होती, म्हणून मामांबरोबर निघाले. दहा वर्षांची गाडी, पण अशी चकचकीत की तीत बघून भांग पाडावा. मालक म्हणाले, दहा वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हाताने धुतली, एक दिवस चुकवला नाही. मामांनी विचारलं, पाणी कोणतं? बोअरचं, मालक अभिमानाने म्हणाले, धो धो लागलंय. आता तो सगळा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि अंगाला साबणाचा फेस येत नाही. मामांनी स्टेपनीखाली हात घातला आणि बोटं बाहेर काढली तर ती तपकिरी. त्यांनी मालकाकडून घराची किल्ली मागून घेतली, खाली वाकून पत्रा ठोकला. किल्ली आरपार गेली.

मालकाचं तोंड एवढंसं झालं. मामांनी ना चहा मागितला ना पाणी. त्या माणसाला ओट्यावर बसवलं, शेजारी बसले आणि म्हणाले, “तुमची काई चूक नाई भाऊ. तुमी लाड केला.” परतीच्या एसटीत ते फार बोलले नाहीत. नांदुऱ्याच्या जवळ आल्यावर मला म्हणाले, चकचकीत काही दिसलं की पहिले पाणी कोणतं ते विचारायचं.

पुढे मी नर्स झाले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात नोकरी मिळाली. घरी सांगितलं, दोन वर्षांचा करार आहे, दोन वर्षांनी येते. नवरा आणि मुलगी खामगावातच राहिले. दीड वर्ष झालं तेव्हा तिथल्या मेट्रनबाईंनी बोलावून कायमची जागा देऊ केली. आता नवऱ्याला आणि मुलीला आणता येणार होतं. अट एकच. आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जावं लागेल, तेव्हा स्वतःची गाडी हवी. बस दिवसातून दोनदा, तीही आपल्या मर्जीने येणारी. मला रोज गाडीतून नेणारी शीबा नावाची मल्याळी मैत्रीण ऑस्ट्रेलियाला निघाली होती. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. गाडी मिळाली तर राहायचं, नाही मिळाली तर करार संपला की सामान बांधायचं. चुकीची गाडी गळ्यात पडली तर दुसरी घेण्याइतकी माझी ऐपतही नव्हती.

तिथेही गाडी डावीकडून चालते, आपल्यासारखीच. फरक एवढाच की तिथे सगळेच डावीकडून चालवतात. तेव्हा चालवण्याची धास्ती नव्हती, धास्ती घेण्याची होती. दवाखान्यातला जो तो सांगायचा, इथे कशाला घेतेस, इंग्लंडहून मागव. तिकडे गाड्या मुबलक, त्याच पैशात मोठी येते, जहाजात बसून आयती दारात. एका वॉर्डबॉयचा मेव्हणा तोच धंदा करायचा. त्याने फोटो पाठवले. निळी, लांबलचक गाडी, आरशासारखी. माझा जीव जडला. दुसरी गाडी होती शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंची. छोटी, चिखलाने माखलेली, आणि आतल्या प्रत्येक सीटवर कुत्र्याचे केस.

मी मामांना व्हिडिओ कॉल केला. “जयभीम मामा,” म्हटलं. पडद्यावर मला फक्त एक कान दिसला. व्हिडिओ असला तरी फोन कानालाच लावायचा, हा मामांचा ठाम समज होता. मामींनी फोन हिसकून समोर धरला तेव्हा चेहरा आला. मी निळ्या गाडीचे गुण गायला लागले. जहाजाचं भाडं, आल्यावरचा कर, इथल्या नोंदणीचा वेगळा कर हे सांगून झालं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दारात जाता येईल का? मी म्हटलं, मधे समुद्र आहे. मग त्यांनी पाणी कोणतं ते विचारलं.

मी सांगितलं की पाणी गोडच आहे, पण हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. इंग्लंडातही टाकतात, इथेही टाकतात. मामा खुर्चीत सरळ झाले. “आपल्या इकडं जमिनीतूनच वर येते म्हणून लोक रडून राह्यले, अन् हे हातानं टाकतात?” मामींनीही नीट ऐकावं म्हणून त्यांनी ते पुन्हा मला सांगायला लावलं. मग मला फर्मान निघालं, त्या निळ्या गाडीची डिक्की आणि खालचं पोट दाखव. मी मेव्हण्याला कळवलं. त्याने दोन दिवसांनी एक व्हिडिओ पाठवला, त्यात गाणी लावायचं यंत्र किती छान आहे ते होतं. पोटाचं विचारलं, तर गाडी पुन्हा धुऊन काढलेला नवा फोटो आला. मी तो मामांना दाखवला. मामांनी मामींकडे पाणी मागितलं. माझी निळी गाडी तिथेच बुडाली.

शनिवारी दुपारी मी मास्तरीणबाईंच्या अंगणात उभी राहिले. खामगावात तेव्हा संध्याकाळ, मामा व्हिडिओ कॉलवर. बाई ऐंशीच्या घरातल्या, हातात कुत्र्याचा पट्टा. मामांनी सांगितलं होतं म्हणून आधी विचारलं, का विकताय? डोळ्यांनी नीट दिसत नाही, डॉक्टरांनी चालवायला मनाई केली आहे, एवढंच म्हणाल्या, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी डिक्की उघडली, मॅट उचलली, स्टेपनी काढली. खाली मूठभर वाळू होती. मामांनी लगेच विचारलं, समुद्र जवळ आहे का? बाईंना विचारलं, तर त्या रोज कुत्र्याला समुद्रावर न्यायच्या. मग मामांनी मला ओल्या जमिनीवर आडवं व्हायला लावलं. फोन गाडीखाली धरून मी किल्लीने पत्रा ठोकत होते आणि पाच हजार मैलांवरून मामा सांगत होते, “अजून मांगं. चाकाजोळ. तिथी नाई व, पल्ल्याड.” प्रत्येक ठोक्याला आवाज टणक येत होता. माझ्या कोटाचं मात्र वाटोळं झालं.

बाईंनी वाकून विचारलं, हे गृहस्थ मेकॅनिक का? मी म्हटलं, नाही, कापसातले आहेत. त्यावर त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी आपण होऊन सांगितलं की त्या दर वर्षी हिवाळ्याआधी गंज चढू नये म्हणून गाडीला खालून तेल मारून घेतात, बावीस वर्षांत जी काही गाडी ठेवली तिला मारलंय. मी ते मामांना सांगितलं. “बाई शहाणी हाये,” मामा म्हणाले. बाईंना त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतर मामा गप्प झाले. मी उठून कोट झटकला, फोन सरळ धरला. मला वाटलं लाईन गेली. पण मामा तिथेच बसले होते, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून. चहा नाही, पाणी नाही. मी विचारलं, काय झालं मामा, खराब आहे का?

“गाडी चांगली हाये माय,” मामा म्हणाले. “ते खराब निघावी म्हणून तं मी इतक्या येळचा पाहून राह्यलो होतो.”

“काऊन?” मी म्हटलं. खरं तर विचारतानाच मला कळलं होतं.

“खराब निघाली असती तं तू वापस आली असती. पण नाई निघाली. आता मी तुले खोटं सांगू का? घे. निर्धास्त घे.”

मामींनी पदर डोळ्यांना लावला. मामा त्यांच्यावर खेकसले, रडतेस काय, फोन हलून राह्यला. इकडे मास्तरीणबाई मला विचारत होत्या की गृहस्थांना गाडी पसंत पडली नाही का. मी मान हलवून हो म्हटलं, पडली, फार पसंत पडली. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कापसाची खरी प्रत सांगितलेल्या माणसाला त्या दिवशी एक खोटा शब्द पुरला असता. मी विश्वास ठेवला असता आणि डिसेंबरात घरी आले असते. त्यांनी तो उच्चारला नाही.

सोमवारी मी होकार कळवला. चार महिन्यांनी त्याच गाडीतून नवऱ्याला आणि मुलीला विमानतळावरून आणलं. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, तिचा फोटो मामांना पाठवला. त्यांनी उत्तरात लिहवून घेतलं की पोरीच्या अंगावर काही टाक, तिकडे थंडी असते. मास्तरीणबाईंच्या कुत्र्याला आम्ही महिन्यातून दोनदा समुद्रावर नेतो. तो अजून पुढच्याच सीटवर हक्काने बसतो आणि माझा नवरा मागे.

मामा आता पंचाहत्तरीचे झाले. गुडघे दुखतात, वाकवत नाही, तरी लोक रिक्षा करून त्यांना गाडी दाखवायला नेतातच. आमचा रविवारी फोन असतो. आधी दीड वर्ष दर रविवारी फोन ठेवताना ते एकच विचारायचे, “वापस कधी येशीन?” मीही दर वेळी महिने मोजून सांगायची. गाडी घेतल्यानंतरच्या रविवारी हवापाणी झालं, तुरीचं झालं, मामींच्या दाताचं झालं. मी गाडीतच बसून बोलत होते. शेवटी मामा म्हणाले, “भेटाले कधी येशीन?” मी म्हटलं, उन्हाळ्यात येते मामा. ते म्हणाले बरं, आणि फोन ठेवला. मी किल्ली फिरवून गाडी सुरू केली.