बबनकाकांची उजवी चप्पल

कुठल्याही लॅबमध्ये दोन प्रकारचा साठा होत असतो. एक डेटाचा. त्याला सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, आणि एवढं करून तो नेमका हवा तेव्हा सापडत नाही. दुसरा किश्शांचा. त्याला काहीच लागत नाही, चहाच्या वेळी आपोआप वर येतो. आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून ओढे, झाडी, ऊन, पाणी असलं सगळं मोजायचं काम चालतं. मी तिथे बरीच वर्षं काढली. बहुतेक किश्शांत बबनकाका आहेत, आणि बऱ्याच किश्शांत मूर्ख ठरलेली व्यक्ती मी आहे. सांगायला हसत हसतच बसते, पण हल्ली मध्येच थांबते. तेवढं सांभाळून घ्या.

०००

पहिल्या दिवशी आमच्या सरांनी मला कामाची ओळख करून दिली ती अशी: "आपलं सगळं दुरून डोंगर साजरे. जवळ जायचं काम बबनकाकांचं."

बबनकाका आमचे फील्ड असिस्टंट. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावचे, घरी थोडी शेती, गोठ्यात एक म्हैस, पायात टायरच्या तळाची जाडजूड चप्पल. उपग्रहाला वरून दिसलेलं जमिनीवर खरंच तसं आहे का, हे जागेवर जाऊन बघायचं, त्याला आमच्यात 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतात. मी नवीन होते, उत्साहात काकांना ते समजावून सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे सातबारा बघून वावर घ्यायचं न्हाय, बांधावर जायाचं. हे व्हय? आमच्यात त्याला नाव न्हाय ठेवलेलं."

०००

ओढ्याचा फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी ठेवावी लागते, नाहीतर काठ किती उंच आणि दगड केवढा, हे नंतर कळत नाही. आमची लाल-पांढरी पट्टी एकदा स्वारगेटला उतरताना बसमध्येच राहिली. मी डोक्याला हात लावून बसले. काकांनी जागेवर पोहोचल्यावर उजव्या पायातली चप्पल काढली, काठाला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "काढा फोटो."

ऑफिसात येऊन मी ती चप्पल मोजली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली: स्केल, उजवी चप्पल, अकरा इंच. नवी पट्टी मागवली होती, ती अजून येतेच आहे. मग काय, पुढे सगळ्या फोटोंत ती चप्पल! जुनी झिजली की काका नवी आणायचे आणि पायात घालायच्या आधी माझ्या टेबलावर ठेवायचे, मोजून घ्या म्हणून. एका परिषदेत कुणीतरी सरांना विचारलंच, हे कुठलं स्टँडर्ड वापरता?

सर म्हणाले, "स्थानिक."

०००

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर आम्ही तापमान मोजायचं यंत्र बसवलं होतं. भर उन्हाळा, आजूबाजूची सगळी यंत्रं भाजून निघालेली, आणि हे एकटं रोज दुपारी बारा ते दोन गारवा दाखवायचं. मी हरखून गेले. वाऱ्याची दिशा, टेकडीचा उतार, जुनी झाडं असं सगळं जुळवून 'बिबवेवाडीचा थंड पट्टा' या विषयावर चांगली आठ पानं लिहिली. काका म्हणत होते, एकदा वर जाऊन बघू. मी म्हटलं, आकडे बोलतायत की स्वच्छ.

शेवटी सरांनी हाकललं म्हणून गेलो. यंत्रावर ओला पंचा! वरच्या मजल्यावर राहणारे आजोबा रोज बाराच्या ठोक्याला येऊन तो टाकत होते. एवढं नाजूक यंत्र, उन्हानं तापून बिघडेल, अशी त्यांना काळजी. मी त्यांना जरा चिडूनच सांगितलं की आजोबा, आम्हाला ऊनच मोजायचं होतं.

"शास्त्रज्ञ ना आपण?" आजोबा म्हणाले. "मग चार जिने चढायला दोन महिने का लागले?"

काकांनी पंचा पिळून आजोबांच्या हातात दिला. मला वाटलं, धडा शिकले मी. कसलं काय! पालथ्या घड्यावर पाणी.

०००

खडकवासल्याच्या पाणलोटाचं एक चित्र आलं. धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या कडेकडेने हिरवागार पट्टा. सगळ्यांचं एकमत झालं, शेवाळ. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न! दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या, हातमोजे, बर्फाची पेटी घेऊन आम्ही जीपने थडकलो.

पाणी खूप मागे हटलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात एकाने काकडी लावली होती. चित्रातला हिरवा पट्टा म्हणजे त्याचे वेल. आमचे हातमोजे बघून बिचारा घाबरला. काका त्याच्याशी शेतीपाण्याचं बोलत बसले, मग त्यानेच काकड्या तोडून दिल्या, मीठ लावून दिल्या. काकांनी एक काकडी नमुन्याच्या पिशवीत घातली, वर तारीख टाकली आणि ती सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी रिपोर्ट म्हणून तीच खाल्ली.

०००

आता ओढ्यांच्या नकाशाचं. शहराच्या कडेच्या गावांतले सगळे ओढे शोधून नकाशावर आणायचे, असं मोठं काम आमच्याकडे आलं. कुठे बांधकामाला परवानगी द्यायची आणि कुठे नाही, ते त्या नकाशावरून ठरणार होतं. चित्रं उन्हाळ्यातली. उन्हाळ्यात ओढा म्हणजे काय, चार बाभळी आणि घाणेरीची झुडपं. वरून माळरान आणि ओढा सारखेच दिसतात.

त्यात गावात जाऊन विचारावं तर कुणी खरं सांगेना. ज्याच्या जमिनीतून ओढा जातो, तो म्हणणार, इथं कधीच नव्हता हो. यावर काकांनी मला एक युक्ती शिकवली. ओढा कुठाय असं विचारायचंच नाही. म्हाताऱ्या बायका गाठायच्या आणि विचारायचं, आजी, गोधड्या कुठं धुवायचात? एका आजीने आम्हाला हाताला धरून एका टॉवरच्या पार्किंगमध्ये नेलं, एका पांढऱ्या गाडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या गाडीखाली माझा दगड व्हता."

अशा गोधड्यांवरून आम्ही किती ओढे परत मिळवले! मला त्या कामाचा अजून अभिमान आहे. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

०००

शेवटच्या आठवड्यात एकच जागा बघायची राहिली होती. पॉइंट नंबर त्रेसष्ट. चित्रात माळरान दिसत होतं. काका म्हणाले, "तिथं ओढा हाय मॅडम. माझ्या घरामागनंच जातोय. चला, बघू बी आन चहा बी घेऊ."

काका तेव्हा भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर निघाले होते. मी मनाशी म्हटलं, माणूस स्वतःच्या घराबद्दल बोलतोय, ही साक्ष धरता येत नाही. शास्त्रात आपपरभाव नको! केवढी निःपक्षपाती मी. बरं, साक्ष धरायची नव्हती तर स्कूटर काढून स्वतः जायचं. अर्ध्या तासाचा रस्ता. नकाशा द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी होती, मी खुर्चीवरून उठले नाही. त्रेसष्टसमोर 'माळरान' लिहिलं, 'पडताळणी झाली' या रकान्यात खूण केली, आणि पडताळणी कुणी केली या रकान्यात बाकीच्या बासष्ट ओळींत होतं तेच नाव खाली ओढलं. काकांचं.

नकाशा वेळेत गेला. सरांनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

०००

वर्षभराने काकांच्या घराच्या वरच्या अंगाला कुणीतरी मुरूम टाकून ओढा बुजवला आणि भिंत बांधायला काढली. काका तक्रार घेऊन एका ऑफिसात गेले. तिथल्या साहेबाने शांतपणे आमचाच नकाशा पुढे केला. इथं ओढा नाही, तपासून लिहिलंय. काकांनी विचारलं, कुणी तपासलं? साहेबाने बोट ठेवून दाखवलं.

हे त्यांनी आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं, आणि सांगितलं तेही असं रंगवून की सगळे खो खो हसले. "मी त्याला म्हणलं, साहेब, ह्यो बबन मीच हाय. तो म्हणतो, मंग आता कशाला बदलताय?"

मीही हसले. सगळ्यांबरोबर, तोंडावर हात ठेवून. खूण मी केली होती हे त्यांना ठाऊक होतं, कारण ते रजेवर होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. नंतर जिन्यात गाठून मी म्हटलं, काका, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. ते म्हणाले, करा की. लेखी दुरुस्ती मी त्याच दिवशी पाठवायला हवी होती. पाठवायची म्हणजे चूक माझी, हे सरांना सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पावसाळा सरत आला.

०००

परतीचा पाऊस आला तो एका दुपारी, ढगफुटीसारखा. भिंतीमागे पाणी साठत गेलं आणि मग भिंतच आली. काका तेव्हा लॅबमध्ये होते, माझ्या समोरच्या टेबलावर फोटोंना नंबर घालत होते. फोन आला तसे छत्रीही न घेता पळाले.

काकू शेजारच्या स्लॅबवर चढल्या म्हणून वाचल्या. गोठ्यातली म्हैस दाव्याला बांधलेली होती. ती गेली.

तिसऱ्या दिवशी मी गेले. पहिल्यांदा गेले, एवढ्या वर्षांत. वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते, सरांना सगळं सांगून आलेय हेही सांगायचं होतं. पोहोचले तर काका फावड्याने घरातला गाळ ओढत होते. मला बघून त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, "काका, माझी चूक..." आणि पुढचं एकही वाक्य आठवेना. रडू फुटलं.

काकूंनी कप आणून हातात दिला. कोरा चहा होता.

काकांनी मला पिऊ दिला. मग घराच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या डोक्याच्याही वर. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, पायजम्याला पुसली, हात उंच केला आणि त्या रेघेला लावून धरली.

"त्रेसष्ट ऱ्हायला व्हता न्हवं, मॅडम," ते म्हणाले. "काढा फोटो."