लिव्हरपूलच्या ट्रामी आणि फणसाचा चीक

फणसाचा चीक डिंकाऐवजी चालत नाही, हे मी आता स्वानुभवाने सांगू शकतो.

माझे सासरे अण्णा तरुणपणी बोटीवर होते. बाकीच्या खलाशांनी विलायतेहून घड्याळं आणली, रेडिओ आणले. अण्णांनी आणली लिव्हरपूलच्या ट्रामींची जुनी पोस्टकार्डं! दुमजली ट्रामी, टोप्या घातलेले साहेब, वर तारांचं जाळं. रत्नागिरीच्या घरात ती कुलपात असत, सख्ख्या मुलीलाही हात लावायची परवानगी नव्हती. यंदा ती वाचनालयाच्या छंद-प्रदर्शनात मांडायची ठरली आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम अण्णांनी चक्क मला दिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्यावर टाकलेला हा पहिला विश्वास.

आदल्या संध्याकाळी अण्णा मांडवीच्या समुद्रावर फिरायला गेले आणि इकडे डिंक संपला. मागच्या पडवीत बायको, सुमन, हाताला तेल लावून फणस फोडत होती. विळीवरून पांढरा चीक लोंबत होता.

"सुमन, दुकानात कशाला जायचं? याच्यापुढे डिंक काय करणार?"

"अहो, नको. तो हाताचा सुटत नाही."

"म्हणून तर हवाय."

कार्डं चिकटली. फार छान चिकटली. पण चिकाला पुठ्ठा कोणता आणि माझा तळवा कोणता हे कळत नव्हतं. एक ट्राम उजव्या हाताला लागली, ती सोडवताना दुसरी डाव्या हाताला, मग दोघी एकमेकींना. (खुद्द लिव्हरपुलात एवढा मोठा अपघात झाला नसेल.)

चिकावर औषध एकच, खोबरेल तेल. कोकणातलं शेंबडं पोरही हे सांगेल. कातडीला चालतं ते कागदाला चालत नाही, हेही त्या पोराला कळलं असतं. मी वाटीभर ओतलं.

चीक सुटला. पण तेलाने कागद आरपार दिसू लागला तशी माझ्या डोळ्यांदेखत ट्राम नाहीशी होऊ लागली! आधी साहेबांच्या टोप्या गेल्या, मग वरचा मजला, आणि त्या जागी पाठीमागच्या मजकुराची शाई उमटली.

तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी एक कार्ड उचलून उजेडाकडे धरलं.

"ह्यातली ट्राम कुठे गेली?"

सुमनच म्हणाली, "अण्णा, ह्यांनी फणसाच्या चिकाने चिकटवलंनी. मग वर तेल ओतलंनी."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. एकेक कार्ड उचलून उजेडाकडे धरू लागले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मला अक्षरशः रडू यायला लागलं.

शेवटी ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, उद्या प्रदर्शनाला तुम्हीही चला."

"मी कशाला, अण्णा?"

"हे कोणी केलंन, असं लोक विचारतील. दाखवायला माणूस नको?"

दुसऱ्या दिवशी मी टेबलामागे उभा राहिलो. अण्णा प्रत्येकाला आधी कार्डं दाखवत, मग मला. लोक कार्डांवरून पटकन पुढे सरकत आणि माझ्यापाशी थांबत. एका काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दारातल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या जरा. मी उगाच तुम्हाला नावं ठेवते."