यादीतलं सातवं नाव

सकाळी साडेसहाला मी मोबाइल उघडते, तेव्हा तिकडे अमेरिकेत माझा नातू निहार बेसबॉल खेळत असतो. मोठ्या संघाच्या तीन पायऱ्या खालच्या संघात. चित्र दिसत नाही, आवाज नाही. नुसती नावांची यादी आणि पुढे बदलणारे आकडे. निहार सातवा. त्याची पाळी आली की मी जागची हलत नाही, दूधवाल्यानं बेल वाजवली तरी.

पूर्वी आमचे हे रेडिओवर क्रिकेट ऐकताना सगळ्यांना असंच बसवून ठेवायचे. "उठू नकोस, आउट होईल तो!" मी मुद्दाम उठायचे. "तुम्ही इथे बसलाय हे त्याला कळतं तरी का?" असं वर विचारायचे. केवढी शहाणी होते! एखाद्याला न कळवताही त्याच्या सोबतीला बसता येतं, हे त्या शहाण्या बाईच्या डोक्यात शिरायला घर रिकामं व्हावं लागलं.

आज यादीत निहार नव्हता. तीनदा पाहिलं, मग फोन लावला.

"आजी, काल संघानं मला काढलं. आईबाबांनाही अजून सांगितलं नाही." मग म्हणाला, "तू बघत होतीस का रोज?"

"छे रे! मला काय कळतंय त्यातलं? सहज लावला फोन."

"मग परवा मी लागोपाठ तीन चेंडू चुकून बाद झालो, तेही नाही ना पाहिलंस?"

"कुठले चेंडू?" मी म्हणाले.