ग्लेंडाबाईंचा पंखा

इंग्लंडमधल्या हल शहरात ग्लेंडाबाईंचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. त्याच्याच वरच्या खोलीत आमच्या बँडने पहिला अल्बम रेकॉर्ड केला. खालचा धूर ओढणारा पंखा असा घुमायचा, की प्रत्येक गाण्यात शिरायचा. एका शुक्रवारी मी खाली जाऊन विनवलं, "बाई, तासभर पंखा बंद ठेवाल का?"

"शुक्रवारी?" बाई कडाडल्या. "अख्खं गाव आज मासा खातं. तुझ्या गाण्यापायी त्यांना उपाशी ठेवू होय रे?"

मी तसाच वर आलो. शेवटी आमच्या हेदरने गिटारच पंख्याच्या सुरात लावली, आणि गाणी अशी काही रंगली म्हणता!

अल्बम बाहेर आला तोही शुक्रवारीच. दुकानाची रांग रस्त्यावर गेली होती. बाईंनी आमची तबकडी लावली, कपाळाला आठ्या घालून थोडी ऐकली आणि खटकन पंखा बंद केला. तीस वर्षांत शुक्रवारी तो कधी थांबला नव्हता. दुकानात धूर कोंडला. लोक खोकत ओरडले, "ग्लेंडा, पंखा लाव की!"

"गप्प बसा रे!" बाईंनी झारा उगारला. "माझा पंखा गातोय, ऐकू द्या!"